नॉर्दर्न डान्सर: गिऱ्हाईक न मिळालेल्या एका बुटक्या घोड्याचं रक्त जगभर कसं पोचलं

आज जगातल्या कुठल्याही रेसकोर्सवरचा थरोब्रेड घोडा घ्या आणि त्याची वंशावळ मागे मागे चाळत जा, कुठेतरी एक नाव जवळपास नक्की सापडतं, नॉर्दर्न डान्सर. २०२० साली आयर्लंडमधल्या संशोधकांच्या एका टीमने जगभरातल्या दहा हजारांहून जास्त थरोब्रेड घोड्यांचे जीन्स आणि पेडिग्री तपासल्या, त्यात ९७ टक्के घोड्यांच्या पूर्वजांत हा निघाला. म्हणजे १९६१ साली कॅनडात जन्मलेला एक घोडा आणि साठ वर्षांच्या आत अख्ख्या जातीत जवळपास सगळ्यांचा आजा-पणजा-खापरपणजा. गंमत अशी की हा एक वर्षाचा असताना मालकाने त्याला २५ हजार डॉलरला विकायला काढला होता आणि कोणी घेतला नाही. बुटका, जाडगेला, आणि जन्मही सीझनच्या शेवटी म्हणून बाकीच्या शिंगरांच्या मानाने लहान दिसायचा.

हे असं कसं झालं ते नीट कळायला आधी थोडं बेसिक बघूया, कारण "ब्लडलाईन" हा शब्द लोक फार सैल वापरतात.

थरोब्रेड म्हणजे नुसता चांगल्या जातीचा घोडा असं नाही, ती एक बंद वही आहे. इंग्लंडमध्ये १७९१ साली जनरल स्टड बुक नावाची नोंदवही सुरू झाली आणि तेव्हापासून आईबाप दोघंही नोंदवहीतले असतील तरच पोराला थरोब्रेड म्हणतात, बाहेरून कोणाला एंट्री जवळपास नाहीच. नरांच्या बाजूने मागे गेलात तर सगळे घोडे तीनच घोड्यांपाशी येऊन थांबतात, डार्ली अरेबियन, गोडॉल्फिन अरेबियन आणि बायर्ली टर्क, आणि त्यातही आजच्या घोड्यांपैकी बहुतेक सगळे एकट्या डार्ली अरेबियनच्या सरळ वंशातले. दुसरा नियम म्हणजे कृत्रिम रेतन चालत नाही, घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र आले तरच शिंगरू नोंदवलं जातं. हा नियम लक्षात ठेवा कारण पुढे सगळं पैशाचं गणित यावरच उभं आहे, गाय-म्हशींमध्ये एका नराचे हजारो डोस जगभर पाठवता येतात तसं इथे करता येत नाही, घोड्याचा वेळ हाच माल.

आता नात्यांचं बघा, इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो. एकाच बापाची पोरं म्हणजे भाऊ असं घोड्यांत कोणी म्हणत नाही, कारण बापाला शेकडो पोरं असतात. सावत्र भाऊ म्हणायचं तर आई एक हवी. बापाकडून बाप, त्याचा बाप, त्याचा बाप अशी जी सरळ रेघ जाते ती सायर लाईन, आणि आईच्या बापाला ब्रूडमेअर सायर म्हणतात, तो वेगळा हिशोब ठेवला जातो. आणि पेडिग्रीखाली ३×३, ४×५ असं काहीतरी लिहिलेलं दिसतं ना, ते गणित सोपं आहे, एकच पूर्वज बापाच्या बाजूने कितव्या पिढीत येतो आणि आईच्या बाजूने कितव्या पिढीत येतो ते दोन आकडे. आकडे जितके लहान तितकं जवळच्या नात्यातलं लग्न.

तर नॉर्दर्न डान्सर. मालक ई. पी. टेलर, कॅनडातला मोठा उद्योगपती, ओंटारिओमधल्या ओशावाला त्याचा विंडफील्ड्स फार्म. या माणसाने १९५२ साली न्यूमार्केटच्या लिलावात लेडी अँजेला नावाची घोडी घेतली ती एका अटीवर, की कॅनडाला न्यायच्या आधी तिला परत एकदा निअर्को घोड्याकडे पाठवायचं. निअर्को म्हणजे इटलीतल्या फेडेरिको टेसिओने तयार केलेला घोडा, १४ रेस धावला आणि १४ जिंकला. त्या अटीतून १९५४ साली निअर्क्टिक जन्मला, वेगवान पण डोक्याने तापट. हा आपल्या हिरोचा बाप.

आई नताल्मा, ती नेटिव्ह डान्सरची मुलगी, म्हणजे २२ पैकी २१ रेस जिंकलेल्या आणि फक्त १९५३ ची केंटकी डर्बी हरलेल्या घोड्याची. नताल्मा स्वतः पळायला चांगली होती पण १९६० साली केंटकी ओक्सच्या तयारीत असताना तिच्या गुडघ्याच्या हाडाचा तुकडा निघाला आणि करिअर तिथेच संपलं. तोपर्यंत ब्रीडिंग सीझन संपत आला होता, तरी तिला घाईघाईत निअर्क्टिककडे पाठवलं, घोडी साधारण अकरा महिने गाभण असते त्यामुळे शिंगरू २७ मे ला झालं. उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेडचं वय १ जानेवारीला एक वर्षाने वाढतं, जन्म कधीही होवो, त्यामुळे मे अखेरचं पोर फेब्रुवारीतल्या पोरांबरोबर एकाच वयात मोजलं जातं आणि चार महिने मागे असतं. विकायला काढला तेव्हा तो लहान का दिसला त्याचं अर्धं कारण हे. एवढंच काय, त्याचा स्वभाव इतका आडदांड होता की त्याला खच्ची करायचा विषयही निघाला होता, टेलरने नको म्हटलं. जगातली सगळ्यात महागडी "नको" असेल ही बहुतेक.

मोठा झाल्यावरही उंची जेमतेम १५.२ हँड, म्हणजे खांद्यापाशी पाच फूट दोन इंच. आणि पळायला? १९६४ ची केंटकी डर्बी दोन मिनिटं फ्लॅटमध्ये जिंकली, नवा रेकॉर्ड, जो नंतर १९७३ मध्ये सेक्रेटेरियटने मोडला. त्या डर्बीच्या आधी बिल शूमेकर या टॉपच्या जॉकीने नॉर्दर्न डान्सर सोडून हिल राईज हा घोडा निवडला होता, मग बिल हार्टॅक बसला आणि हिल राईजला मानेच्या अंतराने हरवलं. नंतर प्रीकनेस जिंकली, बेलमाँटमध्ये तिसरा आला म्हणून ट्रिपल क्राऊन (या तिन्ही रेस एकाच वर्षी जिंकणं) हुकला, मग घरी येऊन कॅनडाची क्वीन्स प्लेट जिंकली आणि त्यानंतर पायाच्या शिरेला इजा होऊन रिटायर. १८ रेस, १४ जिंकल्या, एकदाही तिसऱ्याच्या खाली नाही. भारी रेकॉर्ड आहे, पण असे भारी रेकॉर्डवाले घोडे इतिहासात ढिगाने आहेत आणि त्यातल्या बहुतेकांची पोरं सुमार निघाली.

इथे खरा मुद्दा येतो. घोडा पळण्यात चॅम्पियन असणं आणि पोरं चॅम्पियन होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि याचं कारण सरळ जेनेटिक्स आहे. प्रत्येक पोराला बापाचे अर्धे जीन्स मिळतात पण कुठले अर्धे ते दर वेळी पत्त्यांचा कॅट पिसून नव्याने वाटल्यासारखं असतं. म्हणून सख्खी भावंडंसुद्धा वेगवेगळी निघतात. वेग, दम, हाडांची मजबुती, डोकं शांत की गरम, हे सगळं एका जीनवर ठरत नाही, शेकडो जीन्सचा एकत्र परिणाम असतो आणि वर खाणं, ट्रेनिंग, दुखापती, नशीब हे सगळं वेगळं. त्यामुळे "चॅम्पियनचा मुलगा" या शब्दांची गॅरंटी किती तर शून्य.

एक जीन मात्र वेगळा ओळखता आला आहे. मायोस्टॅटिन नावाचा जीन स्नायू किती वाढायचे ते ठरवतो, २०१० च्या सुमारास डब्लिनमध्ये झालेल्या संशोधनात दिसलं की थरोब्रेडमध्ये याचे दोन प्रकार आहेत, सी आणि टी. दोन्हीकडून सी मिळालेला घोडा साधारण कमी अंतरात झपाट्याने पळतो, दोन्ही टी वाला लांब अंतराचा, एकेक मिळालेला मधल्या अंतराचा. पुढे २०१२ मध्ये आणखी एक गोष्ट समोर आली, की हा सी प्रकार आधुनिक थरोब्रेडमध्ये इतका पसरला त्यात निअर्क्टिक आणि त्याच्याकडून नॉर्दर्न डान्सरच्या वंशाचा मोठा हात आहे. म्हणजे टेलरने न्यूमार्केटला घातलेली अट थेट आजच्या घोड्यांच्या स्नायूंपर्यंत पोचते. अर्थात हा जीन अंतर सांगतो, क्लास सांगत नाही, सी-सी असलेले हजारो घोडे काहीही न जिंकता रिटायर होतात.

मग नॉर्दर्न डान्सरमध्ये वेगळं काय होतं? आकडे बघा. स्टडवर (म्हणजे पैदाशीसाठी ठेवलेला) असलेल्या वीसेक वर्षांत त्याची सहाशेच्या थोडी वर शिंगरं झाली, म्हणजे वर्षाला तीसेक, आजच्या हिशोबाने ही संख्या हास्यास्पद आहे, आज एक लोकप्रिय स्टॅलियन म्हणजे पैदाशीचा नर एका सीझनमध्ये दीडशे-दोनशे माद्यांना कव्हर करतो, म्हणजे त्यांच्याशी त्याची जोडी लावतात. त्या सहाशेतून जवळपास दीडशे पोरं स्टेक्स रेस म्हणजे वरच्या दर्जाच्या रेस जिंकली. ज्याचं हे प्रमाण दहा टक्के असतं त्याला लोक डोक्यावर घेतात, याचं वीसच्या वर होतं.

आणि दुसरी गोष्ट, जी मला आकड्यांपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटते, ती म्हणजे पोरं त्याच्यासारखी दिसायचीच असं नाही. निजिन्स्की, त्याच्या दुसऱ्याच बॅचचा मुलगा, उंच आणि देखणा, आईवर गेलेला, ती फ्लेमिंग पेज म्हणजे स्वतः क्वीन्स प्लेट जिंकलेली घोडी. आयर्लंडचा ट्रेनर व्हिन्सेंट ओब्रायन विंडफील्ड्सला दुसऱ्याच एका घोड्याचं शिंगरू बघायला आला होता, ते आवडलं नाही, पण हे पोर डोळ्यात भरलं आणि त्याने आपल्या मालकाला, चार्ल्स एंगेलहार्डला, ८४ हजार डॉलरला घ्यायला लावलं. १९७० साली निजिन्स्कीने इंग्लंडचा ट्रिपल क्राऊन घेतला, २००० गिनीज, डर्बी, सेंट लेजर तिन्ही. त्यानंतर आजपर्यंत हे कोणाला जमलेलं नाही. याउलट द मिन्स्ट्रेल बापासारखाच छोटा, पांढऱ्या पायांचा, तोही १९७७ ची डर्बी जिंकला. म्हणजे घोडा आपला साचा छापत नव्हता, समोर आलेल्या घोडीचं जे चांगलं असेल त्याला वेग आणि जिद्द जोडत होता. हे माझं वाचन आहे, जीन्सच्या भाषेत कोणी सिद्ध केलेलं नाही, पण त्याच्या मुलांची लिस्ट बघितली तर दुसरं काही सुचतही नाही.

निजिन्स्कीनंतर पैशाचा खेळ सुरू झाला. ओब्रायन, श्रीमंत मालक रॉबर्ट सँगस्टर आणि ओब्रायनचा जावई जॉन मॅग्नियर, या तिघांच्या ग्रुपने केंटकीतल्या कीनलँडच्या जुलैच्या लिलावात नॉर्दर्न डान्सरची पोरं उचलायला सुरुवात केली. त्यांची आयडिया साधी पण जबरदस्त होती, रेसचं बक्षीस हा मुख्य धंदा नाहीच, एक वर्षाचं पोर घ्यायचं, ते चॅम्पियन निघालं तर स्टॅलियन म्हणून त्याचे शेअर विकायचे, दहातलं एक लागलं तरी बाकीच्या नऊंचे पैसे निघतात. मग दुबईचे शेख मोहम्मद त्याच लिलावात उतरले आणि बोली पेटली. १९८३ मध्ये नॉर्दर्न डान्सरचा एक मुलगा १ कोटी २ लाख डॉलरला गेला, शेख मोहम्मदनी घेतला, नाव स्नाफी डान्सर. तो एकही रेस धावला नाही, इतका स्लो होता, आणि स्टडवर पाठवला तर तिथेही जवळपास वांझ निघाला. पत्ते पिसण्याबद्दल वर जे म्हटलं ते यापेक्षा महागात कोणाला समजलं नसेल.

तिकडे बापाची फी, जी १९६५ मध्ये १० हजार डॉलर होती, ती ऐंशीच्या दशकात एका कव्हरला १० लाख डॉलरपर्यंत गेली, तेही नो गॅरंटी, म्हणजे घोडी गाभण राहिली नाही तरी पैसे परत नाहीत. घोडा तेव्हा विशीच्या पुढे. १९८१ मध्ये त्याच्यासाठी ४ कोटी डॉलरची ऑफर आली होती आणि मालकांनी नाही म्हटलं. १९८७ मध्ये त्याला स्टडमधून रिटायर केलं, १९९० च्या नोव्हेंबरमध्ये तो अमेरिकेत मेरीलँडमध्ये मेला आणि त्याला ओशावाला, जन्मला त्याच फार्मवर पुरलं.

पण इतकी पोरं जिंकली एवढ्याने ९७ टक्के होत नाहीत. त्यासाठी मुलांनी बाप म्हणून यशस्वी व्हावं लागतं, मग नातवांनी, आणि इथेच बहुतेक सगळ्या मोठ्या घोड्यांची लाईन तुटते. सेक्रेटेरियटचंच घ्या, कदाचित आजवरचा सगळ्यात भारी पळणारा, पण त्याच्या मुलांपैकी कोणी मोठा स्टॅलियन झाला नाही. त्याची ताकद मुलींतून पुढे गेली. यामागे एक साधी गोष्ट आहे, नर आपला वाय क्रोमोसोम फक्त मुलांना देतो आणि एक्स फक्त मुलींना. म्हणून काही लोक म्हणतात की सेक्रेटेरियटचं जे खास होतं ते एक्सवर होतं. ऐकायला छान आहे पण सिद्ध झालेलं नाही, बाकीचे क्रोमोसोम दोघांनाही जातातच की. त्याची मुलगी टर्लिंग्वा हिला नॉर्दर्न डान्सरच्या मुलाकडे, स्टॉर्म बर्डकडे पाठवलं आणि झाला स्टॉर्म कॅट, ज्याची फी पुढे ५ लाख डॉलरवर गेली. २०१८ चा अमेरिकन ट्रिपल क्राऊन विजेता जस्टिफाय सरळ बापाच्या रेघेत याच्याच वंशातला.

नॉर्दर्न डान्सरचं नशीब असं की त्याची लाईन एका नाही, वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या मुलांनी धरून ठेवली. युरोपात सॅडलर्स वेल्स, जो १४ वेळा ब्रिटन-आयर्लंडचा चॅम्पियन सायर (म्हणजे त्या वर्षी ज्याच्या पोरांनी सगळ्यात जास्त बक्षिसं कमावली तो बाप) झाला, त्यात १९९२ पासून २००४ पर्यंत सलग. त्याचा मुलगा गॅलिलिओ, २००१ चा डर्बी विजेता, तो १२ वेळा चॅम्पियन सायर. त्याचा मुलगा फ्रँकेल, १४ पैकी १४ जिंकला आणि २०२१ मध्ये तोही चॅम्पियन सायर. भारतातही राझीन नावाचा नॉर्दर्न डान्सरचा थेट मुलगा स्टडवर होता आणि इथल्या स्टॅलियनमध्ये टॉपला गेला.

आणखी एक शाखा डॅनझिगची, हाही नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा. हा फक्त तीन रेस धावला, तिन्ही जिंकला, गुडघ्यामुळे संपला. अशा घोड्यावर कोण पैसे लावणार, पण केंटकीच्या क्लेबोर्न फार्मने लावले. त्याचा मुलगा डेनहिल ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथे त्याने ब्रीडिंगचा चेहराच बदलून टाकला, ९ वेळा चॅम्पियन सायर. हा "शटल" प्रकार तेव्हा नवीन होता, उत्तरेत फेब्रुवारी ते जूनचा सीझन संपला की घोडा विमानात घालून दक्षिणेत, तिथे सप्टेंबरपासून दुसरा सीझन. नॉर्दर्न डान्सरला वर्षाला तीसेक पोरं आणि त्याच्या नातवाला दोन खंडांत मिळून त्याच्या कितीतरी पट, आता ९७ टक्के कसे झाले ते लक्षात येईल. जेट विमान नसतं तर हा आकडा झाला नसता असं माझं स्पष्ट मत आहे.

डेनहिलची पेडिग्री मुद्दाम बघा. बापाकडून डॅनझिग, त्याचा बाप नॉर्दर्न डान्सर, त्याची आई नताल्मा, तिसरी पिढी. आईकडून राझियाना, तिची आई स्प्रिंग अड्यू, तिची आई परत नताल्मा, पुन्हा तिसरी पिढी. म्हणजे नताल्मा ३×३. रेसचं करिअर गुडघ्याने संपलेली घोडी, घाईत कव्हर केलेली, ती दोन्ही बाजूंनी. आपण सगळं श्रेय स्टॅलियनला देतो कारण त्याची पोरं शेकडो असतात आणि आकडेवारी त्याच्या नावावर जमते, घोडीला आयुष्यात दहा-बारा पोरं झाली तरी खूप. पण सॅडलर्स वेल्सची आजी स्पेशल ही नुरेयेवची आई होती, आणि नुरेयेवही नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा आणि मोठा स्टॅलियन. गॅलिलिओची आई अर्बन सी, तिने स्वतः १९९३ ची आर्क ही फ्रान्समधली मोठी रेस जिंकली, आणि डॅनझिगच्या वंशातल्या केप क्रॉसकडून तिला झालेला सी द स्टार्स २००९ मध्ये गिनीज, डर्बी आणि आर्क तिन्ही जिंकला. एक घोडी, दोन वेगळे बाप, दोन डर्बीवाले. नेहमी नुसत्या बापाच्या रेघा काढणाऱ्यांनी इथे जरा थांबावं.

आता याची दुसरी बाजू. सगळेच एकाच्या वंशातले झाले की नवीन रक्त आणायचं कुठून, कारण वही बंद आहे. एनेबल ही घोडी घ्या, २०१७ आणि २०१८ ची आर्क तिने जिंकली, तिच्यात सॅडलर्स वेल्स ३×२ आहे, म्हणजे तो बापाचा आजा आणि आईचा बाप. इतकं जवळचं कधी जमून जातं, पण एनेबल दिसते कारण ती जिंकली, तसंच केलेली जी पोरं ट्रॅकवर आलीच नाहीत ती कोणाला दिसत नाहीत. वर सांगितलेल्या २०२० च्या संशोधनातही गेल्या काही दशकांत इनब्रीडिंग म्हणजे जवळच्या नात्यातली पैदास वाढत गेल्याचंच निघालं. अमेरिकेच्या जॉकी क्लबने त्याच वर्षी नियम आणला होता की २०२० पासून पुढे जन्मलेल्या स्टॅलियनने सीझनला १४० पेक्षा जास्त माद्यांना कव्हर करायचं नाही. मोठ्या स्टड फार्म्सनी कोर्टात खेचलं आणि २०२२ मध्ये नियम मागे घेतला गेला. एवढे पैसे अडकलेले असताना दुसरं काय होणार होतं म्हणा.

मग लोक बाहेर बघायला लागले. जपानमध्ये संडे सायलेन्स नावाचा अमेरिकन घोडा गेला होता, त्याच्यात नॉर्दर्न डान्सर नाही, त्याचा मुलगा डीप इम्पॅक्ट तिथला सुपरस्टार. आयर्लंडच्या कूलमोर या मोठ्या स्टड फार्मकडे गॅलिलिओच्या मुली भरपूर, त्यांना द्यायला वेगळ्या रक्ताचा नर हवा, म्हणून त्या घोड्या थेट जपानला पाठवल्या. आयडिया चालली, गॅलिलिओची मुलगी ऱ्होडोडेंड्रॉन हिला डीप इम्पॅक्टकडून झालेला ऑगस्ट रोडिन २०२३ ची एप्सम डर्बी जिंकला. फक्त डीप इम्पॅक्टच्या आईचं घराणं उघडून बघा, विंड इन हर हेअर, तिचा बाप अल्झाओ, त्याचा बाप लिफार्ड, आणि लिफार्डचा बाप नॉर्दर्न डान्सर. इतक्या लांब जाऊन आणलेल्या पोराच्या पेडिग्रीतही तो ५×४ आहेच.